वसंतातील फुलबाग : कंदांची काढणी, विश्रांती व लागवड
(डहाणू व तलासरी तालुक्यांतील शेतकऱ्यांसाठी)

भाताची मळणी उरकली, की डहाणू व तलासरी तालुक्यांतील बहुसंख्य लहान खातेदारांच्या शेतावर काम उरत नाही. खाचरे कोरडी पडतात, वरकस जमिनीतील गवत वाळते आणि घरातील धडधाकट माणसे वीटभट्ट्यांवर, उंबरगाव-वापीकडील कारखान्यांत किंवा चिकूच्या वाड्यांत मजुरीस जातात. ज्यांच्या विहिरीस थोडेफार पाणी आहे, त्यांचीही अडचण असते. माघात दिसणारे पाणी चैत्र-वैशाखात तळाला जाते. ऐन उन्हाळ्यात जे पीक पाणी मागते, ते अशा शेतकऱ्यास झेपत नाही.

या परिस्थितीत कंदवर्गीय फुलझाडे, आणि त्यांतही निशिगंध, विशेष विचारात घेण्याजोगी आहेत. विहीर आटत असते त्या काळात निशिगंधाचा कंद सावलीत विसावलेला असतो व त्यास पाण्याची गरज नसते. मे महिन्याच्या मध्यास तो जमिनीत गेला, की दोन-तीन पाळ्या पाण्यावर पाऊस गाठतो आणि गौरी-गणपतीच्या सुमारास फुले देऊ लागतो. मात्र हे फळ पदरात पडावयाचे, तर फेब्रुवारी अखेरपासून मेपर्यंतच्या तीन महिन्यांतील कामे वेळच्या वेळी व्हावयास हवीत. फुले पावसाळ्यात येत असली, तरी त्यांचे भवितव्य वसंतातच ठरते. ही कामे कोणती व ती का करावयाची, याची माहिती या लेखात दिली आहे.

कंदाचे स्वरूप

आपल्या भागातील वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी बांधवांना कंद म्हणजे काय हे सांगावयास नको. शेवळ उन्हाळाभर जमिनीखाली निपचित असते व पहिल्या सरी पडताच वर येते. करांद्याचा वेल पावसाळ्यानंतर वाळून जातो, परंतु त्याचा कंद जमिनीत जिवंत राहतो. कंद ही झाडाने प्रतिकूल काळासाठी बांधून ठेवलेली शिदोरी होय. पाने हिरवी असताना त्यांनी तयार केलेले अन्न खाली साठते, पाने वाळतात, कंद विश्रांती घेतो आणि योग्य वेळी त्या साठ्यावर नवा कोंब फुटतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की पाने हिरवी असताना ती कापू नयेत, नाहीतर शिदोरी अपुरी राहते. दुसरी अशी, की विश्रांती न घेतलेला कंद लावल्यास तो एकसारखा उगवत नाही.

निशिगंधाचा कंद एकदाच फुलतो

निशिगंध हे मूळचे मेक्सिको देशातील झाड. आपल्याकडे त्यास गुलछडी व रजनीगंधा अशीही नावे आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ आता त्याची गणना घायपाताच्या वंशातच करतात. ही गोष्ट शेतकऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कुंपणावरील घायपात आयुष्यात एकदाच उंच दांडा टाकतो व फुलून झाल्यावर मरतो, परंतु मरण्यापूर्वी बुंध्याशी पिले सोडतो. निशिगंधाचेही तसेच आहे. ज्या कंदातून एकदा फुलांचा दांडा निघाला, तो कंद पुन्हा फुलत नाही. पुढील वर्षीचे पीक त्याच्या बाजूस वाढलेल्या नव्या कंदांवर अवलंबून असते.

अनेक ठिकाणी निशिगंधाचा ताटवा पहिल्या वर्षी उत्तम फुलतो, दुसऱ्या वर्षी बरा फुलतो आणि नंतर नुसती पानेच माजतात. याचे मुख्य कारण हेच, की एकाच ठोंबात जुने संपलेले कंद व असंख्य बारीक कंद यांची दाटी होते. खत वाढवून ही दाटी हटत नाही. म्हणून दोन किंवा फार तर तीन वर्षांनी ठोंब उपटून, कंद वेगळे करून, नव्या जागी लावणे अगत्याचे आहे.

फाल्गुन : पाणी तोडणे व काढणी

ज्या वाफ्यातील कंद काढावयाचे असतील, त्याचे पाणी फेब्रुवारीच्या मध्यास बंद करावे. पाने पिवळी पडून वाळू लागतील. ती पूर्ण वाळल्यावर जमिनीलगत कापावी व कुदळीने अथवा पहारीने, ठोंबापासून वीतभर अंतर राखून, माती सैल करून ठोंब अलगद उचलावा. घाईने उपटल्यास कंदांना जखमा होतात आणि जखमेतूनच कूज शिरते.

काढलेले ठोंब झटकून माती काढावी. ते पाण्याने धुऊ नयेत. कंद हाताने सुटे करावेत आणि मऊ पडलेले, काळे डाग असलेले अथवा कुजका वास येणारे कंद तेथेच वेगळे काढावेत. असे कंद बांधावर टाकू नयेत, जाळून टाकावेत.

ज्या वाफ्यात पीक अजून एक वर्ष ठेवावयाचे आहे, तेथे वाळलेली पाने कापून वाफा स्वच्छ करावा, ओळींमधील माती हलकी चाळवावी व पाण्याचा ताण द्यावा. तेथील विश्रांती जमिनीतच होते. मेच्या अखेरीस खत व एक पाणी दिले, की ठोंबांना नवी फूट येते.

चैत्र : विश्रांती व निवड

काढलेल्या कंदांना चार ते सहा आठवडे सावलीत विश्रांती द्यावी. घराची पडवी, माळा किंवा बांबूचा माच यासाठी चालतो. कंदांचा थर पातळ ठेवावा व चार-पाच दिवसांनी ते खालीवर करावेत, म्हणजे बुरशी धरत नाही. कंद गोणीत कोंबून ठेवणे, ओल्या जमिनीवर पसरणे किंवा चुलीच्या थेट वर टांगणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. गोणीत ते घामेजून कुजतात, तर चुलीच्या धगीने आतील कोंब सुकतो. उंदीर-घुशींपासूनही त्यांचे रक्षण करावे लागते.

या काळात कंदांचे तीन भाग करावेत :

१. लागवडीचे कंद – निमुळत्या आकाराचे, टणक, सुमारे दीड ते तीन सेंटिमीटर जाडीचे व २० ते ३० ग्रॅम वजनाचे. यांनाच त्या वर्षी फुले येतील.

२. रोपवाटिकेचे कंद – याहून बारीक, परंतु निरोगी. हे मुख्य वाफ्यात लावू नयेत. एका कोपऱ्यात दाट लावून वर्षभर वाढवावेत. पुढील वर्षी ते पहिल्या वर्गात येतील.

३. टाकाऊ – फुलून गेलेले, पोकळ, जखमी व रोगट.

ही निवड करण्यास एका माणसाचा फार तर दिवसभराचा वेळ लागतो. तो न दिल्यास लहान-मोठे कंद एकत्र लावले जातात, फुले पुढेमागे येतात आणि काढणी व विक्री दोन्ही विस्कळित होतात.

नव्याने लागवड करणाऱ्यांनी कंद विकत घेताना दहा-बारा कंद हातात घेऊन दाबून पाहावेत व एक-दोन उभे चिरून पाहावेत. आतील भाग पांढरा व रसरशीत असावा. ज्या शेतात मुळांवर गाठी आढळतात, त्या शेतातील कंद फुकट मिळाले तरी घेऊ नयेत, कारण त्यांच्याबरोबर सूत्रकृमी आपल्या जमिनीत येतात व मग ते सहजासहजी जात नाहीत.

जातींची निवड

एकेरी फुलांच्या जाती सुवासिक असून त्यांची सुटी फुले हार, वेणी व पूजेसाठी विकली जातात. दुहेरी फुलांच्या जातींचे दांडे फुलदाणीसाठी जातात. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले रजनी', तसेच बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या 'शृंगार' व 'प्रज्वल' या एकेरी जाती प्रसिद्ध आहेत. 'सुवासिनी' व 'वैभव' या त्याच संस्थेच्या दुहेरी जाती होत. 'शृंगार' ही जात गाठी करणाऱ्या सूत्रकृमींस बऱ्यापैकी दाद देत नाही. लहान शेतकऱ्याने प्रथम एकेरी जात घ्यावी. सुटी फुले तराजूवर विकली जातात, त्यामुळे दांडा वाकडा आहे की आखूड, याची चिंता राहत नाही.

जमिनीची तयारी

निशिगंधास भरपूर ऊन व पाण्याचा निचरा या दोन गोष्टी हव्यात. भाताचे खोलगट खाचर त्यास मुळीच उपयोगी नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस कोसळतो व खाचरात पाणी तुंबते. वरकस जमिनीचा, हलका उतार असलेला व घराजवळील तुकडा निवडावा. जुन्या चिकूच्या सावलीत हे पीक फुलत नाही. नव्याने लावलेल्या वाडीत मात्र झाडे लहान असेपर्यंत मधल्या मोकळ्या जागेत ते घेता येते. बोर्डी, घोलवड, चिंचणी अशा किनाऱ्यालगतच्या गावांत उन्हाळ्याच्या अखेरीस विहिरीचे पाणी मचूळ होत असल्यास ते तपासून घ्यावे. खारे पाणी या पिकास मानवत नाही.

जमीन मार्च-एप्रिलमध्ये खोल नांगरून किंवा खणून उघडी तापू द्यावी. कडक उन्हाने हरळी-लव्हाळ्याची मुळे, किडींचे कोष व सूत्रकृमी बऱ्याच प्रमाणात नष्ट होतात. शक्य झाल्यास वाफे ओले करून त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चार ते सहा आठवडे घट्ट अंथरावा. याने जमीन अधिक तापते. याच दिवसांत भाताच्या राबासाठी पालापाचोळा गोळा केला जातो. त्यातील थोडा पाला राखून ठेवावा. लागवडीनंतर वाफ्यावर आच्छादन म्हणून तो उपयोगी पडतो व पाण्याची बचत होते.

वैशाख : गादीवाफे व लागवड

वाफा तीन फूट रुंद व किमान एक वीत उंच करावा आणि दोन वाफ्यांत दीड फूट रुंदीचा चर ठेवावा. चरांचा उतार शेताबाहेर निघेल, अशी रचना करावी. उंच वाफ्याचे श्रम अनेकांना जास्त वाटतात, परंतु कोकणच्या पावसात ज्या वाफ्यातून पाणी निघून जाते, त्यातच कंद तगतो.

एका वाफ्यावर तीन ओळी, ओळींत ३० सेंटिमीटर व दोन कंदांत २० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एका गुंठ्यात सुमारे १,१०० कंद बसतात. २५ ग्रॅमचा एक कंद धरल्यास २७ ते २८ किलो कंद लागतील. एका गुंठ्यास साधारणतः पुढीलप्रमाणे खत द्यावे. माती तपासून घेतली असल्यास तिच्या अहवालाप्रमाणे त्यात फेरफार करावा.

– चांगले कुजलेले शेणखत : ३०० ते ४०० किलो, वाफे करताना.
– सिंगल सुपर फॉस्फेट : सुमारे साडेनऊ किलो, लागवडीच्या वेळी.
– म्युरेट ऑफ पोटॅश : सुमारे सव्वातीन किलो, लागवडीच्या वेळी.
– युरिया : सुमारे सव्वाचार किलो, तीन समान हप्त्यांत. पहिला हप्ता लागवडीच्या वेळी, दुसरा एक महिन्याने व तिसरा दोन महिन्यांनी.

सर्व युरिया एकदम दिल्यास तो पावसाबरोबर वाहून जातो. दुसरा व तिसरा हप्ता पावसाची उघडीप पाहून द्यावा व मातीत मिसळावा.

लागवड मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. निवडलेले कंद शिफारस केलेल्या बुरशीनाशकाच्या द्रावणात पंधरा-वीस मिनिटे बुडवून सावलीत सुकवावेत. औषधाचे प्रमाण वेष्टनावरील सूचनेप्रमाणे ठेवावे व हातांत रबरी मोजे घालावेत. वाफा आदल्या दिवशी भिजवून, वाफसा आल्यावर कंद पाच ते सात सेंटिमीटर खोल, निमुळते टोक वर ठेवून लावावा. त्यानंतर एक हलके पाणी द्यावे. कोंब दिसेपर्यंत वाफा सतत ओला ठेवू नये. पुढे पाऊस सुरू होईपर्यंत आठ-दहा दिवसांनी पाणी पुरे होते. एका गुंठ्यास एक इंच पाणी म्हणजे सुमारे अडीच हजार लिटर. एवढे पाणी दोन-तीन वेळा देणे अनेक विहिरींना शक्य असते.

लागवडीपासून साधारण तीन ते साडेतीन महिन्यांनी फुले सुरू होतात. १५ मे रोजी लावलेल्या कंदाचे शंभर दिवस २३ ऑगस्टला भरतात. गणपती, नवरात्र, दसरा व दिवाळी हे फुलांच्या मागणीचे सण त्यापुढे ओळीने येतात. तीच लागवड जुलैवर ढकलल्यास गणपती हातचा जातो व चिखलात लावलेले कंद कुजण्याचा धोकाही वाढतो.

रोग व उपद्रव

पावसाळ्यात बुंध्याशी पांढरी बुरशी व मोहरीच्या दाण्याएवढे तपकिरी दाणे दिसल्यास ती बुंधा कुजण्याची सुरुवात समजावी. असे झाड भोवतालच्या मातीसह काढून शेताबाहेर नष्ट करावे व चर मोकळे करावेत. प्रतिबंधासाठी ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून लागवडीपूर्वी वाफ्यात द्यावी. सूत्रकृमींसाठी निंबोळी पेंड मातीत मिसळावी, त्याच जागी वर्षानुवर्षे निशिगंध घेऊ नये व मधून झेंडू घ्यावा. जंगलालगतच्या पाड्यांवर साळिंदर व रानडुकरे कंद उकरतात. म्हणून पहिली लागवड घराच्या नजरेच्या टप्प्यात असावी.

वसंतातील इतर फुलझाडे

लिली – फूलबाजारात जिच्या लांबट पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या येतात ती लिली निशिगंधापेक्षा काटक आहे व ओल अधिक सोसते. तिचे कंद दरवर्षी काढावे लागत नाहीत. ठोंब दाट झाल्यावर तीन-चार वर्षांनी मे महिन्यात फोडून लावावेत. ओळींत दोन फूट व झाडांत दीड फूट अंतर ठेवावे. शेताच्या सखल कडेस ही लावण्यास हरकत नाही.

ग्लॅडिओलस – हिवाळ्यात लावलेल्या ग्लॅडिओलसची फुले तोडल्यावर सहा ते आठ आठवडे झाडे राखावीत, कारण नवा कंद याच काळात भरतो. पाने पिवळी पडल्यावर कंद काढून सावलीत सुकवावेत. मात्र ते पुढील हंगामापर्यंत शीतगृहात ठेवावे लागतात. ज्यांना अशी सोय नाही, त्यांनी या पिकाच्या मागे लागू नये.

मोगरा – हा कंदवर्गीय नव्हे, परंतु वसंतातील नगदी पैसा देणारे हे झाड आहे. शेजारच्या जव्हार, मोखाडा व विक्रमगड तालुक्यांत आदिवासी शेतकऱ्यांनी त्याची लागवड चांगली रुजविली आहे. हिवाळ्याच्या आरंभी छाटलेल्या झाडांना फेब्रुवारीपासून कळ्या लागतात. या दिवसांत पाण्यात खंड पडू देऊ नये. पूर्ण वाढलेल्या परंतु न उमललेल्या कळ्या सूर्योदयापूर्वी तोडाव्यात. भोक पडलेल्या कळ्या दिसल्यास त्या अळीसह गोळा करून नष्ट कराव्यात. ज्यांच्याकडे थोडे पाणी मेपर्यंत टिकते, त्यांनी काही गुंठे मोगरा व काही गुंठे निशिगंध अशी जोड घातल्यास एकाची फुले संपत आली असता दुसऱ्याची लागवड होते व पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याचे उत्पन्न सुरू होते.

काढणी व विक्री

एकेरी निशिगंधाची फुले पहाटे किंवा सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी वेचावीत व ओलसर फडक्याने झाकलेल्या करंडीत भरावीत. दांडे विकावयाचे असल्यास खालची पहिली जोडी उमलताच कापून लगेच पाण्यात उभे करावेत. डहाणू रोड व घोलवड ही स्थानके मुंबईच्या लोहमार्गावर आहेत व तलासरी राष्ट्रीय महामार्गावर आहे. दादरच्या फूलबाजारापर्यंत सकाळच्या गाडीने माल पोचतो. परंतु पाच-सात किलो फुले घेऊन एकट्याने दादरला जाणे परवडत नाही. एका पाड्यावरील आठ-दहा कुटुंबांनी मिळून लागवड केल्यास पाळीपाळीने एकाने सर्वांची फुले न्यावीत, वजन व दर वहीत लिहावेत आणि पैसे वाटून घ्यावेत. डहाणू, तलासरी, उंबरगाव येथील हारवाल्यांशी सणांपूर्वीच बोलणी करून ठेवावीत, म्हणजे बाजार पडला असता माल वाया जात नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

या पिकाचा प्रसार करताना कार्यकर्त्यांनी पुढील बाबींकडे लक्ष द्यावे. पहिल्या वर्षी कोणासही दोन गुंठ्यांहून अधिक लागवडीचा आग्रह करू नये. गावातील एका वाफ्यावरील कंद काढणी व निवड मार्चमध्ये सर्वांसमक्ष करून दाखवावी. कोणता कंद लावावा व कोणता टाकावा, हे दहा पत्रकांपेक्षा एका उघडलेल्या ठोंबावरून लवकर समजते. ज्या कुटुंबातील माणसे वीटभट्टीवर जातात, तेथे विश्रांतीतील कंदांची देखभाल मागे राहिलेल्या स्त्रिया व वृद्धच करतात. म्हणून ही माहिती प्रथम त्यांना द्यावी. आणि लागवडीची तारीख ठरवून ती भट्टीवरील माणसांना कळवावी, कारण वाफे खणण्याच्या आठवड्यात ती घरी असणे आवश्यक आहे.

माती व पाणी तपासणी, जातिवंत कंद आणि प्रशिक्षण यांसाठी डहाणूजवळ कोसबाड टेकडीवरील कृषी विज्ञान केंद्राशी, तसेच शासकीय योजनांसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी संपर्क साधावा.

एक गुंठा जमीन, अठ्ठावीस किलो निरोगी कंद व वसंतातील वेळच्या वेळी केलेली मेहनत एवढ्या भांडवलावर हा व्यवसाय सुरू होतो. पहिल्या वर्षीच्या कंदांतून पुढील वाढीव लागवडीचे बियाणे घरातच तयार होते. एका गुंठ्याने भट्टीची वाट लगेच सुटणार नाही, परंतु भाद्रपद ते कार्तिक घरात दर आठवड्यास येणारा पैसा दिवाळीनंतर घेतली जाणारी उचल कमी करू शकेल. पुढील वर्षी रोपवाटिकेतील कंद हाताशी आले, म्हणजे दुसरा गुंठा खणण्याचा विचार करावा.